सोडली, घेतली

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वाटी फुटली. खोलीत सात माणसं होती आणि सातही जणांचं म्हणणं एकच आहे: ती घड्याळजीच्या हातात फुटली. पडली नाही, कशावर आपटली नाही. खिडकीच्या उजेडाकडे त्याने ती दोन्ही हातांनी उचलून धरली होती आणि हातातल्या हातात ती दुभंगली. एक भाग त्याच्या डाव्या हातात राहिला. दुसरा निसटला, आणि टेबलावर दुहेरी ब्लँकेट असूनही त्याचे आणखी तीन तुकडे झाले.

वेळ नक्की सांगता येते, कारण त्या क्षणी एक माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. बाकीचे सहा वाटीकडे बघत होते. सातवे, म्हणजे वाटीचे मालक, दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांना वाटीकडे बघवत नव्हतं.

हे मंडळ जुन्या चिनी भांड्यांच्या आणि भरतकामाच्या शौकिनांचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रंथपालबाईंच्या घरी ते जमतं. प्रत्येकाने आपली एकेक वस्तू आणायची, सगळ्यांनी ती हाताळायची, भांडायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. डॉक्टरांची बायको त्याला 'फुटक्यांचं मंडळ' म्हणते. तिचा नवरा त्यात आहे आणि धाकटा भाऊही आहे. हा भाऊ म्हणजेच घड्याळजी. वय बासष्ट, पण घरात अजून त्याला बाळ म्हणतात.

मंडळाचे नियम ग्रंथपालबाईंनी घातलेले. टेबलाशी बसण्याआधी अंगठ्या आणि मनगटी घड्याळं काढून ताटलीत ठेवायची. वस्तू कधीच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. देणाऱ्याने ती ब्लँकेटवर ठेवायची, दोन्ही हात मागे घ्यायचे आणि म्हणायचं, "सोडली." घेणाऱ्याने ती दोन्ही हातांनी उचलायची आणि म्हणायचं, "घेतली." नवीन माणसाला पहिल्या दिवशी याचं हसू येतं. पण चौदा वर्षांत या टेबलावर एक बशीसुद्धा फुटली नव्हती. नियमाची दुसरी बाजू सगळ्यांना ठाऊक होती, फक्त बोलून दाखवायची वेळ आली नव्हती. 'घेतली' म्हटलं की पुढचं सगळं घेणाऱ्याच्या माथी.

त्या रविवारी डॉक्टरांनी वाटी ब्लँकेटवर ठेवली, हात मागे घेतले आणि म्हणाले, "सोडली."

"घेतली," घड्याळजी म्हणाला.

वाटी तळहातात मावेल एवढी, दुधी पांढरी, अंड्याच्या कवचाइतकी पातळ. वरवर बघता तिच्यावर काहीच नाही. उजेडात धरली की आतून एकमेकांच्या मागे लागलेले दोन ड्रॅगन दिसू लागतात. चकाकी चढवण्याआधीच कारागिराने ते मातीत कोरून ठेवले आहेत. घड्याळजीने आधी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. काठ एक फेरा फिरवून पाहिला, मग तळ पाहिला, मग काठ पुन्हा पाहिला.

"चोख!" तो म्हणाला. "मंडळी, केसाएवढा तडा नाही. भाऊजींनी जन्मभर लोकांचे दात उपटले आणि घरी हे असलं जपून ठेवलं. त्यांच्या पेशंटांना दाखवायला पाहिजे."

सगळे हसले. एरवी डॉक्टरांनी लगेच परतफेड केली असती. "मेहुणे, आमचा पेशंट निदान ओरडतो तरी, तुमचा मुकाट्याने मागे पडतो," असलं काहीतरी. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. घड्याळजीने भिंग काढून खिशात टाकलं आणि ड्रॅगन बघायला वाटी खिडकीकडे उचलली. डॉक्टरांनी भिंतीकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आवाज फार मोठा झाला नाही. बिस्किट मोडावं तसा झाला.

घड्याळजी डाव्या हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला. मग तुकडा त्याने हळूच ब्लँकेटवर ठेवला आणि रिकामे झालेले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"माझे हात," तो म्हणाला.

खरं सांगायची वेळ तीच होती. डॉक्टरांचं तोंड उघडलंही होतं. पण बाहेर जे आलं ते दोनच शब्द होते: "होतं असं."

ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वाटी गेली आणि हा माणूस म्हणतो होतं असं! परत निघताना मंडळातल्या प्रत्येकाने डॉक्टरांचा खांदा दाबला. एकाने तर म्हटलं, "मन मोठं लागतं हो." डॉक्टर मान खाली घालून बूट घालत राहिले. एका बुटाची नाडी त्यांनी दोनदा बांधली.

खरी गोष्ट अशी होती. ती वाटी दीड वर्षापूर्वी एका दुपारी डॉक्टरांच्याच हातून मोरीत निसटली होती. बायको बाहेर गेली होती. नळाच्या तोटीला काठ लागला, सुपारीएवढा त्रिकोणी टवका उडाला आणि तिथून एक तडा थेट तळापर्यंत गेला. दवाखाना बंद करून तेव्हा त्यांना वर्ष झालं होतं. खुर्ची गेली होती, मशिनं गेली होती. पण एका खणात दात भरायच्या मसाल्याच्या काही नळ्या, दातांच्या छटांची पट्टी आणि मसाला घट्ट करणारा निळ्या उजेडाचा दिवा एवढं राहिलं होतं.

त्यांनी टवका बसवला. तड्यात मसाला भरला. छटा जुळेना म्हणून तीन वेळा काढून पुन्हा भरला. चौथ्या वेळी जुळली. भिंगाखाली पाहिली, उन्हात धरून पाहिली, नख फिरवून पाहिलं. कुठेही काही नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो दात भरले असतील, पण इतकं देखणं काम एकाही तोंडात झालं नव्हतं. ते कुणाला दाखवता येत नाही, एवढंच त्यांना सलत होतं.

एक पायरी मात्र त्यांनी गाळली होती. मसाला पक्का धरायला हवा असेल तर आधी ॲसिड लावून जागा खरबरीत करावी लागते. हे शिकाऊ विद्यार्थ्यालाही माहीत असतं. पण ॲसिडने चकाकी मेली असती आणि रेघ दिसली असती. डॉक्टरांनी ॲसिड लावलं नाही. मसाला नुसता टेकून उभा होता, आणि हे त्यांना माहीत होतं.

मग वाटी मंडळात नेलीच कशाला? या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर स्वतःलाही सरळ देत नाहीत. ग्रंथपालबाई मंडळाची पुस्तिका काढणार होत्या, त्यांनी मुखपृष्ठासाठी तीच वाटी मागितली, नाही म्हणणं विचित्र दिसलं असतं, हे सगळं खरं. पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं. बघू तर, कुणाला कळतं का. त्यातही घड्याळजीला कळतं का. त्याची नजर सगळ्या मंडळात तिखट. त्याला कळलं नाही तेव्हा डॉक्टर मनातून खूश झाले होते. ती खुशी जेमतेम अर्धा मिनिट टिकली, पण झाली होती, हे ते विसरू शकत नाहीत.

तुकडे घड्याळजीने मागून घेतले, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवले आणि डबा घरी नेला.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी तो बहिणीकडे आला. हातात एक चपटं खोकं होतं. आत रेशमी बाह्यांच्या पट्ट्यांची जोडी. कुठल्याशा श्रीमंत बाईच्या झग्याच्या बाह्यांना दीडशे वर्षांपूर्वी लावलेली. पांढऱ्या रेशमावर निळ्या धाग्याच्या गाठींनी बाग भरलेली आहे. एकेक गाठ खसखशीच्या दाण्याहून बारीक. दोन्ही पट्ट्यांची अर्धी बाजू भरगच्च आणि अर्धी जवळजवळ कोरी, कारण बाई हात जुळवून बसली की तेवढीच अर्धी बाजू लोकांना दिसायची. ही जोडी घड्याळजीचा जीव की प्राण होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो भिंग लावून त्यातल्या गाठी बघत बसायचा.

"हे तुमचं, भाऊजी," तो म्हणाला.

"मेहुणे, वेड लागलंय का?"

"वाटी गेली ती गेली. पण मी 'घेतली' म्हटलं होतं."

"अहो, राहू द्या. ठेवा ते."

"तुम्ही घेतलं नाहीत तर मला मंडळात तोंड दाखवता येणार नाही."

डॉक्टरांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. घड्याळजीने खोकं टेबलावर ठेवलं, हात मागे घेतले आणि म्हणाला, "सोडली." डॉक्टरांनी खोकं उचलून कपाटात ठेवलं. 'घेतली' असं मात्र ते म्हणाले नाहीत. घड्याळजीला वाटलं, त्यांना भरून आलं आहे.

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बाळने ते दिलं?"

"ऐकेचना."

"आणि तुम्ही घेतलंत." ती एवढंच म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासू लागली, जरा जास्तच आवाज करत.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचं मनगटी घड्याळ मागे पडू लागलं. ते दुकानात गेले. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. दर्शनी भागात काउंटर, त्याच्या मागे कामाचं टेबल, टेबलावर दिवा आणि सुटे भाग धुळीपासून झाकायची काचेची घुमटी. दिवा बंद होता. घुमटीखाली काही नव्हतं.

"सेल हवाय का भाऊजी? पट्टा?"

"माझं चावीचं आहे. तुम्हीच दिलेलं."

"मग कोपऱ्यावरच्या दुकानात द्या. मी हल्ली उघडत नाही."

"उघडत नाही म्हणजे?"

घड्याळजीने काउंटरवर दोन्ही हात पसरून ठेवले, एखादी वस्तू दाखवावी तसे. "यांचा भरवसा नाही राहिला. लोकांची घड्याळं असतात. कुणाचं वडिलांचं, कुणाचं आजोबांचं. हातात काय होईल सांगता येत नाही."

डॉक्टरांनी ते हात पाहिले. हिरड्यांत सुई घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, थरथरणारा हात त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतो. हे हात दगडासारखे स्थिर होते.

"अहो, काही थरथरत नाहीत."

"मेंदूवाल्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तेही तेच म्हणाले. बोट नाकाला लावून बघितलं, सरळ रेषेत चालवलं. म्हणाले, तुम्ही ठणठणीत आहात. त्यांचं काय जातंय! वाटी त्यांच्या हातात नव्हती."

एवढ्यात एक बाई पट्टा बदलायला आल्या. डॉक्टर बाजूला झाले. घड्याळजीने पट्ट्याची बारीक पिन चिमट्यात धरून एका दमात बसवली. पिन बसवली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. बाई गेल्यावर म्हणाला, "एका माणसाशी बोलणं झालंय. हत्यारं घेऊन जाणार आहे सगळी. पुढच्या शनिवारी बारा वाजता येतो म्हणाला. आणि हो, एक गंमत सांगायची राहिली. तुम्हाला सांगणार नव्हतो, पण राहवत नाही. तुकडे मी सांधायला पाठवलेत. दुसऱ्या गावी एक बाई आहेत, जुनी भांडी सांधतात. फार शिस्तीच्या. आधी सगळे तुकडे जांभळ्या दिव्याखाली तपासतात, मगच काम धरतात."

"जांभळ्या दिव्याखाली?"

"जुनी दुरुस्ती असेल तर त्यात चुन्यासारखी पांढरी चमकते म्हणे. म्हटलं, बघा खुशाल. आमच्या भाऊजींची वाटी आहे."

डॉक्टर घरी चालत गेले. आठ मिनिटांचा रस्ता, त्यांना अर्धा तास लागला. त्यांना पहिल्यांदा काय वाटलं, हे नोंदवलंच पाहिजे, कारण त्यांनी स्वतः ते नोंदवून ठेवलं आहे. मेहुण्याच्या हातांवरचा दोष आता निघेल, याचा आनंद त्यांना पहिल्यांदा झाला नाही. पहिल्यांदा वाटलं, ग्रंथपालबाईंना कळेल. मेहुणा त्यांच्या मनात आला तो दुसरा. याचीच त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटते.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. मोरी, टवका, निळा दिवा, गाळलेली पायरी, सगळं. ती शेंगा सोलत बसली होती. ऐकून झालं तरी सोलत राहिली. शेवटची शेंग संपल्यावर म्हणाली, "माझ्या भावाने पंधराव्या वर्षी दुकानात बसायला सुरुवात केली. वडिलांच्या माघारी त्या हातांवर आमचं घर चाललं. माझं लग्न त्या हातांवर झालं, तुमच्याशी."

"मला माहीत आहे."

"माहीत असतं तर महिनाभर गप्प बसला नसतात. शुक्रवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर शनिवारी सकाळी मी सांगेन. आणि मी माझ्या पद्धतीने सांगेन."

शुक्रवारी दुपारी चार वाजता डॉक्टर दुकानात गेले. बगलेत चपटं खोकं होतं. घड्याळजी हत्यारं फडक्यात गुंडाळत होता. चिमटे एका फडक्यात, पेचकस दुसऱ्यात.

"मेहुणे, ती वाटी आधीच फुटलेली होती."

घड्याळजीने वर पाहिलं आणि तो हसला. त्या हसण्यात नुसती माया होती.

"ताईने पाठवलं ना तुम्हाला?"

"तिने पाठवलं, पण खोटं सांगायला नाही. माझ्या हातून मोरीत पडली होती. मी भरली. दाताच्या मसाल्याने."

"भाऊजी, तुम्ही किती सांभाळून घेणार मला? त्या दिवशी 'होतं असं' म्हणालात. मी जन्मभर विसरणार नाही. पण आता हे पुरे."

"अहो, मी सांभाळून घेत नाहीये! त्या दिवशीच खोटं बोललो. आज खरं बोलतोय."

"केसाएवढा तडा नव्हता. मी बघितली होती."

"तुम्हाला दिसणार नाही असंच काम केलं होतं मी. छटा चार वेळा लावली."

"दोन फेरे फिरवली मी काठावर. भिंग लावून." त्याचा आवाज आता हसरा नव्हता. "सत्तेचाळीस वर्षं हे भिंग डोळ्याला आहे. केसापेक्षा बारीक स्प्रिंगवरचा गंज मला दिसतो. आणि तुम्ही म्हणता सुपारीएवढा टवका माझ्या डोळ्यांसमोरून गेला?"

 या बाजूचा डॉक्टरांनी विचारच केला नव्हता. मेहुण्याला त्याचे हात परत द्यायला ते आले होते, आणि त्या बदल्यात त्याचे डोळे मागत होते.

घड्याळजीने पेचकसांचं फडकं उलगडलं, एक पेचकस जागा बदलून ठेवला आणि फडकं पुन्हा गुंडाळलं.

"सहा जणांसमोर मी चोख म्हणालो होतो," तो म्हणाला. "तुम्ही तिथेच बसला होतात."

"हो."

"मी बोलत होतो तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"घड्याळाकडे बघत होतो."

 घड्याळजीचा विश्वास बसला की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. डॉक्टरांनी खोकं काउंटरवर ठेवलं, दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाले, "सोडली."

घड्याळजी खोक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊजी, दुकान बंद करायचंय मला."

त्यापुढची माहिती एवढीच आहे. शनिवारी बारा वाजता हत्यारं घेणारा माणूस आला. घड्याळजीने त्याला दारातूनच सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. कारण दिलं नाही. रविवारी मंडळाची बैठक होती. डॉक्टरांनी उभं राहून सहा जणांना सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण आले पाचच जण, आणि ज्याचं नाव साफ करायचं होतं तोच आला नाही. तरी त्यांनी सांगितलं. कुणी त्यांचा खांदा दाबला नाही. ग्रंथपालबाईंनी चहा विचारला, पण इतर सगळ्यांना विचारून झाल्यावर.

सोमवारी सकाळी साडेदहाला सांधणाऱ्या बाईंचा जाड लिफाफा दुकानात पोचला. पोचपावतीवर सही करून घड्याळजीने तो घेतला. बहीण रोज डबा घेऊन जाते, तिने तो पाहिला. लिफाफा कामाच्या टेबलावर काचेच्या घुमटीखाली ठेवला आहे. फोडलेला नाही. हत्यारं फडक्यांत गुंडाळलेलीच आहेत, दिवा बंद आहे.

"आणि खोकं?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"काउंटरवर आहे. तुम्ही ठेवलंत तिथेच."

"काही म्हणाला?"

"गिऱ्हाईक आलं की खोक्याला वळसा घालून सेल देतो," ती म्हणाली. "हात लावत नाही."

हे गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता.